आईची बशी

माझी थोरली बहीण पेशी पाळते. लोक मांजरं पाळतात, मासे पाळतात, आमच्या शेजारचे काका पोपट पाळतात आणि रोज सकाळी त्याच्याकडून शिव्या खातात. ताई काचेच्या आणि प्लास्टिकच्या बशांमध्ये माणसांच्या पेशी वाढवते. त्यांना एक दिवसाआड खाऊ घालावं लागतं, कोमट कपाटात ठेवावं लागतं, आणि बशी भरली की त्यांना दोन बशांत वाटून द्यावं लागतं. हे सगळं मी तिच्याकडूनच ऐकलेलं आहे. मी स्वतः केस कापतो.

बायोटेक्नॉलॉजी हा शब्द आमच्या घरात तिनेच आणला. बाबांचं केस कापायचं दुकान होतं, आता ते माझं आहे. ताईने बारावीनंतर हा शब्द उच्चारला तेव्हा बाबांनी खुर्चीत बसलेल्या एका शिक्षकांना विचारलं, हे काय असतं. शिक्षकांच्या गालाला साबण लागलेला होता, त्यामुळे ते थोडक्यात म्हणाले, "फार पुढचं क्षेत्र आहे." किती पुढचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. मावशीने मात्र पाठ सोडली नाही. "म्हणजे डॉक्टर होणार?" ताई म्हणाली, नाही. "मग औषधं देणार?" "द्यायची नाहीत, शोधायला मदत करणार. कदाचित." त्या कदाचितने सगळा घोटाळा केला. नातेवाइकांत पुढे कितीतरी वर्षं ताईची ओळख 'ती कदाचितवाली' अशीच होती.

तिच्या वर्गातल्या बहुतेकांचं ते पुढचं क्षेत्र पुढेच राहिलं. एक जण बँकेत लागला, एक जण प्रयोगशाळांना यंत्रं विकतो, एक मुलगी परदेशी गेली ती गेलीच. कॉलेजच्या माहितीपत्रकावर पांढरा कोट घातलेली हसरी माणसं होती, त्यांना बहुधा दुसरीकडे कुठेतरी पगार मिळत असावा. ताई हट्टी म्हणून टिकली. एका संशोधन संस्थेत तिला हंगामी जागा मिळाली. दर वर्षी ती जागा राहणार की जाणार याची घरात धाकधूक, आणि दर वर्षी कसंबसं पत्र यायचं. तिच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, तिला सांगायच्या की धीर धर, कायम होशील. तेवढ्या आशेवर ती जगली.

पेशींना रविवार कळत नाही. माझ्या लग्नात ती जेवणाच्या आधी उठून गेली, कारण त्या दिवशी पेशींचं जेवण होतं. तिला बघायला एक स्थळ येणार होतं तेव्हा तिने निरोप पाठवला, रविवारी जमणार नाही. मुलगा समजूतदार होता, त्याने पुढचा रविवार विचारला. तोही जमला नाही. मग स्थळ दुसरीकडे गेलं आणि ताईला त्याचं फारसं वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही. आईला वाटलं. आई म्हणायची, "मी दोन पोरं वाढवली तरी एवढी बांधली गेले नव्हते."

मग आईच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं तेव्हा ताईने सर्जनना विचारलं की काढलेल्या गाठीतला तुकडा तिच्या प्रयोगशाळेला मिळेल का. अशा गाठीच्या पेशी बशीत जगल्या तर त्यांच्यावर औषधं तपासता येतात, आणि त्या जातीच्या गाठीच्या पेशी फारशा कुणाकडे नव्हत्या. मला ते ऐकून संताप आला होता. आईला नाही आला. तिने कागदावर सही केली आणि म्हणाली, "घेऊन जा बाई. एरवी पाच मिनिटं माझ्याजवळ बसत नाहीस. निदान आता एक दिवसाआड बघशील तरी."

तुकडा बशीत गेला आणि तिथे काहीच घडेना. थोड्या पेशी चिकटल्या, लांबुडक्या, एकमेकींपासून लांब लांब. त्या मरत नव्हत्या आणि वाढतही नव्हत्या. इकडे आई खालावत होती. ताई सकाळी दवाखान्यात, मग प्रयोगशाळेत, संध्याकाळी परत दवाखान्यात. दोन्ही ठिकाणी तिला काही करता येत नव्हतं. एका सोमवारी तिने कपाट उघडलं तर बशी काठोकाठ भरलेली. ती धावत दवाखान्यात आली. मी तिथेच होतो. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. "आई, रुजल्या," ती म्हणाली. "तुझ्या पेशी रुजल्या."

आईला बोलायला त्रास होत होता, पण टोमणा मारायला तिला कधी त्रास झाला नाही. "बघा," ती म्हणाली, "मी इथे आवरतेय आणि तिथे माझा संसार वाढतोय." त्याच आठवड्यात ती गेली. जाताना तिला वाटत होतं की आपलं काहीतरी मागे राहतंय, आणि त्या वेळी आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा दुकानात अखंड बोलायचे. हवा, भाव, कुणाची मुलगी, कुणाचा पाय, सगळ्या विषयांवर त्यांची कात्री आणि जीभ बरोबरीने चालायची. घरी आले की तोंडाला कुलूप. आई म्हणायची, तुमच्याशी बोलायचं तर मला दाढी वाढवावी लागेल. ती गेल्यावर बाबांनी दुकानातही बोलणं टाकलं. गिऱ्हाइकं अवघडून आरशात बघत बसायची. शेवटी मीच त्यांना म्हटलं, आता तुम्ही विश्रांती घ्या, दुकान मी बघतो.

एका रविवारी ताई पेशींना खाऊ घालायला निघाली आणि घरात एकटं बसवेना म्हणून बाबा तिच्याबरोबर गेले. तिने त्यांना कोट घातला, पायांत पिशव्या चढवल्या आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. बाबांना आत काय दिसलं कोण जाणे. मी एकदा पाहिलं होतं, मला फक्त दाटीवाटीने बसलेले पारदर्शक खडे दिसले. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बरी आहेस ना?"

तेव्हापासून दर रविवारी ते जायचे. संस्थेतल्या लोकांनाही सवय झाली. त्या पेशींना रीतसर एक नंबर होता, पण सगळे त्यांना 'आईची बशी' म्हणायचे. ताई बाजूला आपलं काम करायची आणि बाबा मायक्रोस्कोपवर वाकून आठवड्याच्या बातम्या द्यायचे. मागच्या दाराची कडी बदलली. धाकट्याला मुलगी झाली, नाक तुझ्यावर गेलंय. तुझी बहीण येऊन गेली, अजून तशीच आगाऊ आहे. आयुष्यभर जे बोलले नव्हते ते सगळं ते त्या काचेतून सांगत होते. मी ताईजवळ थट्टा करायचो की आईला पहिल्यांदाच नवरा मिळाला. ताई हसायची नाही. ती म्हणायची, "बोलू दे रे. त्यांना बरं वाटतं आणि पेशींचं काही बिघडत नाही."

ताईचंही बरं चाललं. त्या पेशींवर तिने बरीच वर्षं काम केलं, तिचे शोधनिबंध छापून आले, लांबच्या प्रयोगशाळा तिच्याकडे त्या पेशी मागायला लागल्या. मॅडमनी तिचं नाव कायम जागेसाठी पाठवलं. पेशी बाहेर पाठवायच्या तर त्या कुणाच्या आहेत याचा दाखला लागतो, आता तसा नियमच झाला आहे. ती तपासणी त्यांनी आजवर केलीच नव्हती. करायची गरज काय होती? स्वतःच्या आईच्या पेशी कुणाच्या आहेत हे कुणी तपासून बघतं का? आईच्या रक्ताचा एक थेंब ऑपरेशनच्या वेळीच कागदावर सुकवून ठेवलेला होता. तो आणि पेशी, दोन्ही ताईने तपासायला पाठवलं.

ती भर दुपारी दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आरशातल्या मला ती म्हणाली, "त्या आईच्या नाहीत."

मला कळेना. "काय आईचं नाही?"

"पेशी. त्या आईच्या नाहीत. कधीच नव्हत्या. एका पुरुषाच्या आहेत."

मी हसलो. मला दुसरं काही सुचलं नाही. मग तिचा चेहरा पाहून थांबलो.

तिने सांगितलं ते असं. कुण्या एका माणसाच्या मूत्राशयातल्या गाठीच्या पेशी खूप वर्षांपूर्वी कुणीतरी वाढवल्या. तो माणूस केव्हाच गेला, पण त्याच्या पेशी कितीतरी प्रयोगशाळांत आहेत, कारण त्या तणासारख्या वाढतात. त्यांच्याही प्रयोगशाळेत होत्या. दोन माणसांच्या पेशी एका वेळी उघड्या ठेवायच्या नाहीत, दोघांना एकाच बाटलीतलं अन्न घालायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तो कुणीतरी मोडला. त्या दिवसांत दवाखान्यातून धावतपळत येणारी, न झोपलेली ताईच ते टेबल सगळ्यात जास्त वापरत होती. एक परकी पेशी आईच्या बशीत पडली असेल. एक पुरते. तिने वाढून वाढून आईच्या पेशींना जागाच ठेवली नाही.

"तो सोमवार आठवतो?" ताई म्हणाली. "हळू वाढणाऱ्या पेशी अशा अचानक बशी भरत नाहीत. नवीन मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. अशी बशी दिसली की आधी संशय घ्या. ती दुसऱ्या कुणाची असती तर मी त्याच दिवशी फेकली असती."

"मग का नाही फेकलीस?"

"मला फार आनंद झाला होता," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. मी दुकानाचं दार लोटून घेतलं. आई ज्या दिवशी रुजली म्हणून आम्ही सगळे सुखावलो, त्या दिवशी ती खरं म्हणजे त्या बशीतून गेली होती. आणि आईला आम्ही उलटंच सांगून पाठवलं. याचा मला आजही राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

मॅडमनी तिला सुचवलं की हे काम हळूच बंद करू, बोभाटा नको. ताईने ऐकलं नाही. तिने स्वतः लिहून आपले निबंध मागे घेतले. त्याबरोबर कायम जागाही गेली आणि हंगामी जागेचंही पुढचं पत्र येणार नाही असं कळलं. मला ते पटलं की नाही ते सोडा, पण तिच्या जागी मी असतो तर माझ्याने झालं नसतं. आता ती लस बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. तिथे आलेल्या पेशी खरंच ज्याच्या म्हणतात त्याच्याच आहेत का, एवढंच ती दिवसभर तपासते. ते नंतरचं.

तेव्हा प्रश्न बाबांचा होता. मी म्हटलं, सांगू नकोस. म्हातारा माणूस आहे, रविवारचं बोलतो तर बोलू दे, कुणाचं काय जातंय? ताई माझ्यावर उखडली. "म्हणजे मी शेजारी उभी राहून त्यांना परक्या माणसाशी बोलू देऊ? माहीत असताना?"

तिने सांगितलं. स्वयंपाकघरात, चहाचा कप समोर ठेवून, सगळं पहिल्यापासून. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबल्यावर ते म्हणाले, "पुरुष?"

"हो, बाबा."

"आणि मी त्याला गुडघे दुखतात का म्हणून विचारत होतो."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी कप उचलला, खाली ठेवला. "तू तर शिकलेली होतीस," एवढंच ते ताईला म्हणाले, आणि ते तिला फार लागलं. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. आमच्याशीही जेवढ्यास तेवढं. रविवारी ती घरातून निघायची तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. माझ्या बायकोने एकदा धीर करून विचारलं, बाबा, बाहेर चक्कर मारून येऊ का आपण? ते म्हणाले, "कुणाला भेटायला?"

संस्था सोडण्याआधी ताई आपलं सामान आवरत होती. पेशी ज्या टाकीत गोठवून ठेवतात, तिच्या तळाशी तिला एक नळी सापडली. तिच्यावरची तारीख त्या सोमवारच्या आधीची होती. पेशी वाढत नव्हत्या तेव्हा सगळ्याच मेल्या तर काय, म्हणून तिने त्या बशीतल्या थोड्याशा काढून गोठवल्या होत्या. इतक्या थोड्या की त्यांचा कुणाला उपयोग नव्हता, म्हणून त्या विसरल्या गेल्या होत्या.

ती घरी आली आणि उभ्या उभ्याच बाबांना म्हणाली, "एक नळी आहे. आईच्या असतील. नसतीलही. गोठलेल्या आहेत, बाहेर काढल्या तर कदाचित एकही जगणार नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

बाबांनी खिडकीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "काढ."

तिने नळी काढली, कोमट पाण्यात धरून वितळवली आणि पेशी बशीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला की काही चिकटल्या आहेत, या. मी दुकान बंद ठेवून बाबांना घेऊन गेलो. प्रयोगशाळेतली तिची जागा रिकामी झाली होती, कपाटावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं. मॅडमनी तेवढी एक सकाळ तिला दिली होती.

बाबा बसले. डोळे लावले. मीही त्यांच्यानंतर पाहिलं. खड्यांची ती दाटी नव्हती. रिकाम्या जागेत इथे एक, तिथे एक, लांबुडक्या, अंग चोरून पडलेल्या. बाबा पुन्हा बसले आणि खूप वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ एकदा हलले. मग त्यांनी मान वर केली.

"तिच्याच आहेत याची खात्री आहे?"

दुसरी कुणीही हो म्हणाली असती. मी तर मनात म्हणत होतो, म्हण बाई हो, काय बिघडतं.

"नाही," ताई म्हणाली. "दिसतात तशाच, जशा तेव्हा दिसायच्या. पण दिसण्यावर जायचं नाही हे मी शिकलेय. खात्री करायची तर तपासायला हव्यात, आणि इतक्या कमी आहेत की तपासायला सगळ्याच लागतील. मागे एकही उरणार नाही. नाही तपासल्या तर दोनतीन दिवसांत आपोआप मरतील. या वाढायच्या नाहीत, बाबा."

बाबांनी बशीकडे पाहिलं, मायक्रोस्कोपमधून नव्हे, नुसत्या डोळ्यांनी. नुसत्या डोळ्यांना त्यात गुलाबी पाण्यापलीकडे काही दिसत नाही.

"तपास," ते म्हणाले. "परत फसायचं नाही मला."

"थोडा वेळ बसा हवं तर," ताई म्हणाली. "घाई नाही. मी आणि हा बाहेर थांबतो."

"कुणाजवळ बसू?" बाबा म्हणाले, आणि उठले. पायांतल्या पिशव्या त्यांनी स्वतःच वाकून काढल्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ताई दाराशी उभी होती. मग ती आत गेली आणि तिने बशी उचलली.

निकाल यायला बरेच दिवस गेले. बाबा त्या काळात रोज दुकानात येऊन बाकावर बसायचे. पेपर हातात असायचा, पान उलटलेलं मी पाहिलं नाही. एका संध्याकाळी मी एकाचे केस कापत असताना ताई आली. हातात काही नव्हतं. ती बाबांच्या शेजारी बाकावर बसली.

"आईच्याच होत्या, बाबा."

माझी कात्री थांबली. गिऱ्हाइकाने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"सगळ्या?" बाबांनी विचारलं.

"सगळ्या. परकं काही नव्हतं त्यात. एकही नाही."

बाबांनी पेपराची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. मला वाटलं त्यांना समाधान झालं असेल. निदान एकदा तरी खरं काय ते कळलं. ताईलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी सकाळी," बाबा म्हणाले, "मी बघत होतो ती तीच."

"हो."

"समोर होती."

"हो, बाबा."

"आणि मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. उठून आलो."

ताईला सगळं माहीत असतं, पेशी किती तापमानात जगतात, किती वेळ तग धरतात, कशाने मरतात. आता तिने फक्त त्यांच्या हातावरचा हात तसाच ठेवला. खुर्चीतल्या माणसाला अर्धे केस कापलेल्या अवस्थेत सोडून मी कात्री खाली ठेवली आणि बाकावर बाबांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.